पंधरा अँपियरचं सॉकेट

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या एका रविवारी सभासदांनी आपापल्या कामातले अनुभव सांगावेत, असा उपक्रम आपल्या क्लब हाऊसमध्ये झाला. त्यातील एका भाषणाचे हे शब्दांकन.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "तुम्ही इलेक्ट्रिक गाडीवर बोला. वीस-पंचवीस मिनिटं. आणि भांडू नका." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. 2022 च्या वार्षिक सभेत मी जे काही बोललो ते इतिवृत्तात "सभासदांनी तीव्र भावना व्यक्त केल्या" एवढ्यावर आटोपलं आहे. ते लिहिणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तेव्हा आधी त्या दिवसाबद्दल सगळ्यांची माफी मागतो आणि मग विषयाला हात घालतो.

आपली सोसायटी 2000 साली नोंदली गेली. तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि गाड्या मोजक्या. पार्किंगमध्ये वीज म्हणजे दोन ट्यूबलाइट, एक पाण्याचा पंप आणि वॉचमनच्या केबिनमधला पंखा. गाडीला रात्री वीज पाजावी लागेल, असं बिल्डरच्या किंवा आपल्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे 2022 मध्ये मी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि चार्जिंगसाठी पॉइंट मागितला, तेव्हा कमिटीने "थांबा, विचार करू" म्हटलं यात गैर काही नव्हतं. वीज कुठल्या मीटरची? कॉमन मीटरची घेतली तर पैसे कोण देणार? आग लागली तर जबाबदार कोण? हे तिन्ही प्रश्न बरोबर होते. मला तेव्हा ते अडवणुकीचे वाटले. मी म्हटलं, ठीक आहे, सोसायटी देत नाही ना, मी ऑफिसात करतो चार्जिंग. बघतोच.

पुढे काय झालं ते आजवर मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात आहे. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. इथून खराडी बायपास, वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर करत जायचं. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. वाघोलीचा ट्रॅफिक धरला तर नव्वद किलोमीटरना किती तास लागतात ते विचारू नका.

आमच्या कारखान्यात कँटीनच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे भिंतीवर एक जुनं पंधरा अँपियरचं सॉकेट होतं. आपल्या घरी गीझरला असतं तसंच, मोठ्या तीन भोकांचं. कधीमधी कुणी तिथे हँड ग्राइंडर लावायचं. दोन मिनिटं वापरायचं, काढायचं. मी ॲडमिनमधल्या एकाला सहज विचारलं, "गाडी लावू का तिथे?" तो म्हणाला, "लावा की. कोण बघतंय?"

हे "कोण बघतंय" लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्याकडे ठेकेदारामार्फत एक वायरमन आहेत. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. वय पंचावन्नच्या पुढे. मी गाडी लावतोय हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. जवळ आले, सॉकेटमध्ये प्लगचा टॉप हलवून बघितला आणि म्हणाले, "साहेब, हे थकलंय. पत्त्या सैल झाल्यात. नवं सॉकेट बसवतो, डीबीपासून वेगळी वायर ओढतो, मग लावा बिनघोर. फक्त इंडेंटवर सही आणा. आणि तोवर लावणारच असाल, तर करंट दहावर ठेवा."

मंडळी, इंडेंट म्हणजे सामान मागण्याचा कागद. तो कागद शेवटी माझ्याच टेबलावर येतो, कारण स्टोअर माझं. एक सॉकेट, एक एमसीबी आणि पंधरा-वीस मीटर वायर. रॅकवर पडलेली. फक्त प्लांट हेडची सही हवी होती. पण सही मागायची म्हणजे विषय काढायचा. विषय काढला की कुणीतरी विचारणार, कंपनीच्या विजेवर स्वतःची गाडी का? म्हणून मी म्हटलं, "राहू द्या मामा, मोठा विषय होईल. चाललंय ना? चालू दे."

आता थोडं गणित सांगतो, कारण त्याशिवाय पुढची चूक कळायची नाही. तक्ते नाहीत, घाबरू नका.

आपल्याकडे घरात वीज येते 230 व्होल्टची. सॉकेटमधून 10 अँपियर करंट घेतला, तर 230 गुणिले 10 म्हणजे 2,300 वॅट. तासाला दोन पूर्णांक तीन युनिट. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून गाडीच्या बॅटरीत तासाला साधारण दोन युनिट पडतात असं धरा. माझी गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर जाते. म्हणजे एक तास लावली की चौदा किलोमीटर. मला रोज लागतात नव्वद. साडेसहा तासांत काम झालं. माझी शिफ्ट साडेआठ तासांची. गाडी तिथे उभीच असते, तिला दुसरं काय काम?

म्हणजे बघा, लोकांना वाटतं इलेक्ट्रिक गाडी म्हणजे मोठालं चार्जिंग स्टेशन पाहिजे, जाड केबल पाहिजे, अर्ध्या तासात बॅटरी भरली पाहिजे. लांबच्या प्रवासाला ते हवं, मान्य आहे. पण रोजच्या जाण्या-येण्याला गाडी जिथे आठ तास उभी असते तिथे साधं सॉकेट पुरतं. आपल्यापैकी बरेच जण दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर फिरतात. त्यांना तीन तासही पुष्कळ. अगदी मोबाइल लावतो त्या लहान, सहा अँपियरच्या सॉकेटच्या हिशेबानेही तासाला आठेक किलोमीटर निघतात. गणित निघतं म्हणून त्या लहान सॉकेटला गाडी लावा, असं मात्र मी म्हणत नाही.

तर दहावर साडेसहा तासांत भागत होतं. माझ्या चार्जरवर 10 आणि 15 अशी निवड करता येते. पण दुपारी दोननंतर ॲडमिन हेडचा राउंड असायचा. मला वाटायचं, त्याआधी गाडी काढून पार्किंगमध्ये नेऊन लावलेली बरी. म्हणून मी पंधरावर ठेवायला लागलो. साडेसहा तासांचं काम साडेचार तासांत. सकाळी साडेआठला लावली की एकच्या आत मोकळा.

चोरी पकडली जाऊ नये म्हणून घाई, आणि घाईसाठी जास्त करंट. माझ्या बाबतीत हे असं होतं. परवानगी घेतली असती तर गाडी दिवसभर दहावर निवांत उभी राहिली असती.

आता पंधरा आणि दहात काय एवढा फरक, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. दीडपट करंट, तर दीडपट गरम होईल. तसं होत नाही. करंट दीडपट केला की उष्णता सव्वादोनपट होते. दीड गुणिले दीड. शाळेत आपण जूलचा नियम शिकलो, परीक्षेत लिहिला आणि विसरलो, तोच हा. सैल झालेल्या जोडात समजा एक दशांश ओहम इतकाच अडथळा आहे. दहा अँपियरला तिथे 10 वॅट उष्णता तयार होते. पंधराला साडेबावीस वॅट. आता रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे डाग लावायची कावीळ... कावीळ नव्हे, सोल्डरिंगची इस्त्री असते बघा, ती पंचवीस वॅटची असते. तिने शिसं-कथिल वितळतं. म्हणजे मी रोज सकाळी त्या सॉकेटच्या पोटात जवळजवळ एक सोल्डरिंगची इस्त्री चालू करून साडेचार तास कामाला जात होतो.

मग गीझरला का नाही होत असं? गीझरही दोन हजार वॅटचा असतो. पण गीझर पाणी तापलं की दहा-वीस मिनिटांत आपोआप बंद होतो. सॉकेट निवतं. गाडी निवू देत नाही. तास, दोन तास, चार तास एकसारखा करंट. आणि गरम झाली की पत्ती आणखी सैल होते, सैल झाली की आणखी गरम होते. हे चक्र आहे.

"पण मग एमसीबी पडेल की!" हा प्रश्न मलाही पडला होता. नाही पडत. एमसीबी किती करंट जातोय तेवढंच बघतो. सोळाच्या एमसीबीला पंधरा जाताना दिसतात, तो म्हणतो सगळं ठीक आहे. जोड कुठे तापतोय हे त्याला कळत नाही. आपला वॉचमन गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. गाडीच्या आत नवरा-बायकोचं काय चाललंय ते त्याच्या रजिस्टरमध्ये कसं येणार? तसं आहे ते.

2023 चा मे महिना. वरून पत्रा तापलेला. मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. मी स्टोअरमध्ये स्टॉक मोजत होतो. कँटीनचा मुलगा पळत आला, "साहेब, शेडमध्ये वास येतोय, धूर आहे." मी पोचेपर्यंत मामांनी डीबीवरून लाइन बंद केली होती. सॉकेटचा चेहरा तपकिरी झालेला, एका बाजूने वितळून ओघळलेला. टॉप आतच चिकटून बसलेला. आणि त्या सॉकेटपासून हातभर अंतरावर पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत. ते खोके तिथे कुणी ठेवले होते? माझ्या खात्याने. स्टोअरमध्ये जागा नाही म्हणून.

कुणाला काही झालं नाही. पण त्याच लाइनवर कँटीनचे पंखे आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर होता. मेमधल्या दुपारी तीनशे माणसं पंख्याविना जेवली. सेफ्टी ऑफिसरने चौकशी केली. मामांना विचारलं, "इथे काय लावलं होतं?" मामा म्हणाले, "सॉकेट जुनं होतं." माझं नाव घेतलं नाही त्यांनी. कागदावर आलं असं: देखभालीत हयगय. ठेकेदाराने मामांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. गेटपास जमा करून घेतला.

आणि मी काय केलं? मी दोन दिवस गप्प बसलो.

खरं सांगतो, मनात हिशेब चालू होता. जूनमध्ये पगारवाढीची पत्रं निघणार होती. गाडी माझी होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मी स्वतःला सांगत होतो की ठेकेदाराचा माणूस आहे, दुसरीकडे लागेल कुठेतरी. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. फार रंगवून सांगितलं, सॉकेट कसं जुनं, कंपनी कशी निष्काळजी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाडी कुणाची होती?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक पानाचं पत्र लिहिलं. गाडी माझी, करंट मी पंधरावर ठेवला, वायरमननी नवं सॉकेट बसवायला सांगितलं होतं, मी नको म्हटलं, खोके माझ्या खात्याचे. सही करून दिलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती आजही माझ्या फाइलला आहे. पगारवाढ त्या वर्षी जेमतेम झाली. मामा आठ दिवसांनी परत आले.

त्या आठ दिवसांची मजुरी मी पाकिटात घालून त्यांना द्यायला गेलो. वाटलं होतं ते नको म्हणतील आणि मला मोठेपणा मिळेल. त्यांनी पाकीट उघडलं, पैसे मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाले, "साहेब, मी दहावर ठेवा म्हणालो होतो."

एवढंच बोलले.

यानंतर मात्र गंमत अशी झाली, की जो विषय मी मोठा होईल म्हणून टाळत होतो, तो मोठा झाला आणि अर्ध्या तासात सुटला. प्लांट हेड म्हणाले, "आधीच विचारलं असतंत तर?" आमच्या छपरावर सौर पॅनेल आहेतच, दिवसा वीज तयार होत असते आणि गाड्याही दिवसाच उभ्या असतात. त्यांनी तीन पॉइंट मंजूर केले, सब-मीटरसह. कामगारांच्या इलेक्ट्रिक स्कूटरनाही.

ते पॉइंट बसवताना मी मामांच्या शेजारी उभा राहून जे शिकलो, ते आपल्या कामाचं आहे म्हणून सांगतो.

पहिलं, प्रत्येक पॉइंटला डीबीपासून स्वतंत्र वायर. तांब्याची, चार एमएमची. दुसऱ्या कशाचाही भार तिच्यावर नाही. अंतर जितकं लांब तितकी वायर जाड लागते, हे कॉन्ट्रॅक्टरला विचारून घ्या.

दुसरं, प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवते. ओल्या हाताने कुणी गाडीला हात लावला आणि करंट अंगातून जमिनीत जायला लागला, तर ती क्षणात लाइन तोडते.

तिसरं, अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, तर बऱ्याचदा कारण हेच असतं. लोक चार्जरला शिव्या देतात. अहो, तो सांगतोय की अर्थिंग नाही. त्याला फसवण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे महाभाग आहेत. असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

चौथं, सॉकेट औद्योगिक दर्जाचं, घट्ट पकडीचं, झाकणाचं. जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे पावसाचं पाणी साचलं तरी वर राहील.

पाचवं, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. गुंडाळलेली वायर तर नाहीच नाही, कारण गुंडाळीत उष्णता कोंडते.

आणि सहावं, जे कुठल्याही पुस्तकात असो वा नसो, मामा रोज करतात. गाडी लावल्यावर अर्ध्या तासाने टॉपला हाताची मागची बाजू लावून बघायची. कोमट लागला तर चालतंय. हात ठेववत नसेल तर बंद करायचं, मग कितीही घाई असो. वर्षातून दोनदा लाइन बंद करून वायरमनकडून स्क्रू आवळून घ्यायचे.

आता पैशाचं. कारण "कंपनीच्या विजेवर स्वतःची गाडी का?" हा प्रश्न खरा होता. रोज भिंतीतून मी पंधरा युनिट घ्यायचो. युनिटला दहा रुपये धरा. दिवसाचे दीडशे. महिन्याला पंचवीस दिवस, पावणेचार हजार. वर्षाचे पंचेचाळीस हजार. दीडशे ऐकलं की किरकोळ वाटतं, पंचेचाळीस हजार ऐकलं की घशात येतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस मोटरसायकलमध्ये स्वतःच्या पैशाचं पेट्रोल घालून येतो. त्याला कंपनी काय देते? आता आम्ही सब-मीटरप्रमाणे पैसे भरतो, पगारातून कापून जातात. पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं आणि ॲडमिन हेड समोरून आले तर मी त्यांना नमस्कार करतो, गाडीमागे लपत नाही.

हे सगळं झाल्यावर मी आपल्या कमिटीकडे परत आलो. या वेळी भांडायला नाही. तुम्हाला आठवत असेल, 2024 मध्ये आपली विशेष सभा झाली. त्यात सगळ्यात चांगला प्रश्न बी विंगमधल्या काकूंनी विचारला होता, "सोसायटीने वीज विकली तर लायसन्स लागत नाही का?" याचं उत्तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये दिलेलं आहे. गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नाही, सेवा आहे. त्यासाठी परवाना लागत नाही. जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर घरी किंवा ऑफिसात आपल्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट आहे. आणि 2019 मध्ये केंद्राने नमुना बांधकाम नियमांत दुरुस्ती करून नव्या इमारतींच्या पार्किंगमध्ये 20 टक्के गाड्यांसाठी चार्जिंगची सोय धरायला सांगितलं. आपली इमारत जुनी. आपल्याला नंतर शहाणपण येणार, पण यायला हवं.

दुसरा प्रश्न खजिनदारांचा होता, "दहा गाड्या एकदम लागल्या तर?" दहा गाड्या, प्रत्येकी 10 अँपियर, म्हणजे 23 किलोवॅट. एवढा भार आपल्या आताच्या मंजूर जोडणीवर अचानक टाकता येणार नाही, हे खरं. पण दहाही गाड्यांना दहाही तास वीज लागत नाही. चाळीस किलोमीटरवाल्याचं काम तीन तासांत होतं. म्हणून आपण पाळ्या ठरवल्या. लिफ्ट आणि पंप जोरात चालू असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी सात ते दहा, चार्जिंग नाही. रात्री दहानंतर चालू. सहा पॉइंट, परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून, स्वतंत्र मीटरवर, प्रत्येकाला सब-मीटर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या मेंटेनन्समधून एक रुपयाही नाही. ठराव एकमताने झाला. आपल्या सोसायटीत एकमताने! इतिवृत्तात लिहून ठेवलंय, पुढच्या पिढीला दाखवायला.

पॉइंट चालू करायच्या आधीच्या रविवारी मी मामांना इथे बोलावलं होतं. तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल, एक गृहस्थ तासभर पार्किंगमध्ये फिरत होते आणि प्रत्येक टॉपला उलटा हात लावत होते. ते मामा. सहापैकी एक सॉकेट त्यांनी बदलायला लावलं. कॉन्ट्रॅक्टर थोडा रागावला, पण बदललं.

आता ज्यासाठी मी आज खरं तर उभा राहिलो ते सांगतो आणि थांबतो.

गेल्या महिन्यात रात्री उशिरा खाली आलो. सहा पॉइंटपैकी दोन रिकामे होते. तरीही वॉचमनच्या केबिनमधून एक एक्स्टेन्शन बाहेर आलेलं, आणि त्यावर एक इलेक्ट्रिक स्कूटर लावलेली. कुणाची, ते सांगत नाही. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, ते म्हणाले लाव, कोण बघतंय."

मंडळी, मला त्या क्षणी आमची शेड दिसली. त्या केबिनमध्ये वॉचमनचं अंथरूण आहे, त्याचा गॅस आहे, आपल्या सगळ्यांची कुरियरची खोकी आहेत. उद्या तिथे काही झालं, तर आपण सभा घेऊ. सभेत कुणी विचारेल, केबिनची जबाबदारी कुणाची? आणि कागदावर येईल, वॉचमनची हयगय. एजन्सी त्याला काढेल. स्कूटर कुणाची होती ते सगळ्यांना माहीत असेल आणि कुणी बोलणार नाही. तो माणूस सभासदाला नाही म्हणू शकत नाही. मामा मला नाही म्हणू शकले नाहीत. सांगू शकत होते, तेवढं त्यांनी सांगितलं. ऐकायचं काम माझं होतं.

म्हणून विनंती आहे. स्कूटर असो, गाडी असो, आपल्याकडे पॉइंट आहेत, तिथेच लावा. पाळी मिळत नसेल तर मला फोन करा, मी माझी देतो. मला दिवसा ऑफिसात लावता येते, आता उजळ माथ्याने. कमी पडत असतील तर सातवा, आठवा पॉइंट मागू, रीतसर, लेखी. पण वॉचमनला, लिफ्टवाल्याला, कुणालाही "लाव रे, कोण बघतंय" म्हणू नका.

आपण पार्किंगमध्ये एक रजिस्टर ठेवलं आहे. फ्लॅट नंबर, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, युनिट. त्यात शेवटचा एक रकाना मी हट्टाने घालून घेतला: "अर्ध्या तासाने हात लावून पाहिला का?" काल रात्री चाळलं. बाकीचे रकाने व्यवस्थित भरलेत. तो रकाना बहुतेकांचा रिकामा आहे.

आज रात्रीपासून तेवढा भरा. खाली उतरून यायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वॉचमनशी दोन शब्द बोलणं होतं.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. भांडलो नाही, याची कृपया नोंद घ्यावी.